ताईची उजळणी

चष्म्याच्या कारखान्यात ताईला सगळे पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणायचे. काम भिंगं घासण्याचं. यंत्रावर वाकून वाकून इतर बायकांना कुबड यायची वेळ, हिची पाठ मात्र ताठच्या ताठ. बोलणंही तसंच, कुणापुढे न वाकणारं. तिने लग्न केलं नाही. आई गेल्यावर धाकट्या बहिणीला तिनेच वाढवलं आणि रोज सकाळी उठवून योगासनं करायला लावली.

“ताई, झोपू दे ना गं. मला काय सर्कशीत जायचंय?” धाकटी कुरकुरायची.

“जाऊ नकोस. पण म्हातारपणी कंबर धरून माझ्यापुढे रडायला बसलीस तर बघ!”

थंडी सरून खिडकीबाहेरच्या झाडाला पालवी फुटली, की ताई उजळणी काढायची. चटई धुवायची, कठड्यावर वाळवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात: उभं कसं राहायचं, श्वास कसा सोडायचा. “वर्षभरात अंग लबाड होतं,” ती म्हणायची, “त्याला वसंतात एकदा खडसवावं लागतं.”

धाकटीचा संसार मोडला तेव्हा ती ताईकडेच परत आली. लाँड्रीत इस्त्रीचं काम धरलं. दोघींचं बरं चाललं होतं. मग ताई विसरायला लागली. आधी गॅसवरचं दूध, मग घराची वाट, मग साधे साधे शब्द. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, “हे दुखणं मागे फिरत नाही. जपा त्यांना.” धाकटी कामावर गेली की शेजारच्या काकू ताईपाशी बसायच्या.

त्या वर्षी पालवी फुटली तेव्हा उजळणी धाकटीने काढली. शब्द गेले म्हणून काय झालं, तिच्या मनात आलं, अंगाला तर आठवत असेल. तिने चटई धुतली, वाळवली, अंथरली आणि ताईला हात धरून उभं केलं.

आणि ताईने हात वर नेले! धाकटीने काही न सांगता. वाकली, पाय मागे नेला, मान उचलली. मग शेजारी तेच आसन करणाऱ्या धाकटीकडे बघून नाक मुरडलं आणि तिचा गुडघा थोपटून सरळ केला, अगदी पूर्वीसारखा. धाकटी तशीच खाली बसून रडली. त्या दिवशी लाँड्रीत ती भेटेल त्याला सांगत सुटली, “आमची ताई परत येतेय.”

दोन-तीन आठवडे आशेवर गेले. काकूंनाही वाटलं, चेहऱ्यावर तजेला आलाय. एका सकाळी मात्र ताई खाली वाकली आणि तिथेच अडकली. वर कसं यायचं, तेच तिला कळेना.

“ताई, श्वास घे. आता हळूच वर ये.”

“सोडव,” ताई किंचाळली. “मला सोडव गं बाई!”

धाकटीने तिला कमरेला धरून उभं केलं. ताईने तिच्या हाताला ओरबाडलं आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटून उभी राहिली. त्यानंतर चटई नुसती दिसली तरी ती ओरडायची. काही दिवस धाकटीने समजावलं, चुचकारलं, एकदा तर रागावून ओढलंही. शेवटी काकूच म्हणाल्या, “पोरी, आता कुणासाठी चाललंय हे? तिच्यासाठी की तुझ्यासाठी?”

चटई धाकटीने काकूंना देऊन टाकली. एकटीने करून बघायचंही तिच्या जिवावर आलं.

उन्हाळ्यात ताई जिन्यावरून पडली. मग तिला अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवण्यावाचून इलाज उरला नाही. धाकटी सुट्टीच्या दिवशी जाते. तिथे एक हसरी मुलगी सगळ्यांना खुर्चीत बसवून व्यायाम शिकवते. परवा ती ताईपुढे येऊन म्हणाली, “चला आजी, हात वर!”

ताई मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली, ते दुसऱ्या कुणाचे असावेत तशी.

“राहू दे तिला,” धाकटी म्हणाली. मुलगी पुढच्या खुर्चीकडे गेली. धाकटीने रुमालाने ताईचं तोंड पुसलं आणि बसची वेळ होईपर्यंत शेजारी बसून राहिली.