पुढच्या उजव्या चाकाचे तापमान

जे आता लिहिणार आहे ते आईला ठाऊक नाही. माझे सगळे आपल्याला माहीत आहे असे जिला वाटते, त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही सोमाजी मिस्त्रींना ओळखत नाही — आणि यातही माझा भित्रेपणाच आहे, हे लिहितानाच मला दिसते आहे.

आधी परिस्थिती मांडते. परिस्थिती मांडायला मला जमते. त्याचेच शिक्षण मी घेतले आहे.

माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाकडे, म्हणजे मोठ्या बाबांकडे, एक जुनी अँबेसिडर आहे. आजोबांनी घेतलेली. फुलचूरला आमच्या घरालगत टिनाच्या शेडमध्ये ती उभी असते. घरातल्या प्रत्येक नवरदेवाची वरात तिच्यातून निघाली आणि प्रत्येक नवी सून तिच्यातूनच दारात उतरली. तिची एकच तक्रार होती — ती लवकर थांबत नसे. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. मोठे बाबा पेडल दाबून हसत म्हणायचे, "थांब म्हटलं का आधी इचार करते, मंग थांबते."

सहा वर्षांपूर्वी मी नागपूरला यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होते. पुण्यातील एका संशोधन संस्थेत मला जागा हवी होती. हवी होती म्हणणे सौम्य झाले. त्या जागेशिवाय मला स्वतःची कल्पनाच करता येत नव्हती. मी ठरवले की या गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचे, आणि मूळचा मास्टर सिलिंडर तसाच ठेवायचा. पेडल दाबल्यावर ज्यातून तेलाचा दाब चाकांपर्यंत जातो तो हा भाग. तो न बदलता काम साधले, तर जुन्या गाड्यांसाठी सोपा आणि साधा उपाय मिळतो — त्या जागेच्या अर्जासोबत जाणाऱ्या माझ्या अहवालाचा हा मुख्य दावा होता. पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत.

काम केले सोमाजी मिस्त्रींनी. फुलचूरला गोरेगाव रस्त्यावर त्यांचे गॅरेज होते. ही गाडी त्यांच्याशिवाय कोणीच उघडलेली नव्हती. ते मला 'इंजिनेरबाई' म्हणत. त्यात अर्धी थट्टा असे आणि अर्धा — आता कबूल करायलाच बसले आहे तर हेही लिहिते — अर्धा अभिमान असे. पहिल्या दिवशीच ते म्हणाले होते, "मास्टर बी बदल, बाई. ड्रमचा मास्टर डिस्कले नाई चालत." मी विचारले, का नाही चालत? त्यांना नीट सांगता आले नाही. "नाई चालत. चाक जाम होते." मी त्यांना कागदावर गणित मांडून दाखवले. ते कागद पाहून म्हणाले, "कागदावर तं चालून रायली बाप्पा गाडी." मग त्यांनी मी सांगितले तसे काम केले. अतिशय नेटके केले.

त्यांची एक रीत होती, ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे, कारण सगळे तिथेच आहे. ब्रेकचे काम केलेली गाडी चालवून परत आली की ते चारही चाकांपाशी उकिडवे बसत आणि प्रत्येक चाकाला तळहात लावत. चाक कोमट असेल तर गाडी घरी जाई. हात भाजला तर गाडी पुन्हा उघडली जाई. माझ्याकडे दुरून तापमान मोजणारे नवे यंत्र होते. ते पाहून ते म्हणाले होते, "लेकराचा ताप मायले हातानंच समजते. थर्मामीटर तं डॉक्टरले सांगाले लागते." गॅरेजमधले सगळे हसले होते. मीही हसले. मनातून मला ते लागले होते.

चाचणीच्या दिवशी मोठे बाबा गाडी चालवत होते, मी शेजारी होते. फुलचूरहून गोरेगाव. ब्रेक सुंदर लागत होते, मोठे बाबा दोनदा म्हणाले, "आता इचार नाई करत." गोरेगावला बाजाराच्या अलीकडे ते चहाला उतरले. मी यंत्र काढून चाकांवर धरले. मागची दोन्ही ठीक होती. पुढचे डावे — एकशे एकसष्ट. पुढचे उजवे — एकशे अडुसष्ट.

हे शक्य नव्हते. वाटेत आम्ही जेमतेम चार-पाच वेळा ब्रेक दाबला होता. मी पुन्हा मोजले. आकडा तोच आला. आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला उभी असताना, मला कळले — त्या क्षणी कळले, नंतर नव्हे. ड्रमच्या मास्टरमध्ये एक लहानसा वॉल्व्ह असतो. पेडल सोडले तरी तो नळीत थोडा दाब राखून ठेवतो. ड्रमला तो लागतो. डिस्कला तो घातक. पाय काढल्यावरही ब्रेकचे पॅड डिस्कला घासत राहतात. चाक तापते, त्याच्यापाठोपाठ तेल तापते. तेल उकळले की नळीत वाफ होते, आणि वाफ नुसती दबते. पेडल थेट तळाला जाते. या गाडीत चारही चाकांना दाब एकाच जागेवरून जातो; गेला तर सगळा जातो.

"चाक जाम होते." सोमाजी मिस्त्रींनी हेच सांगितले होते. त्यांना फक्त कारण ठाऊक नव्हते. मला ते शिकवले गेले होते आणि मी विसरले होते.

अहवाल दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता. माझ्या वहीत आकडे पेन्सिलीने लिहिलेले होते. मी दोन्ही आकड्यांतला सुरुवातीचा एकाचा आकडा खोडरबराने पुसला. एकसष्ट. अडुसष्ट. तेवढेच केले. मी कागदावरची रबराची भुकटी फुंकून टाकली आणि मोठ्या बाबांना हाक मारली.

गॅरेजवर परत आलो तेव्हा सोमाजी मिस्त्री दारातच उभे होते. हात पुसत ते पुढच्या चाकापाशी आले, उकिडवे बसले आणि त्यांनी तळहात पुढे केला. चाक आणि हात यांत वीतभर अंतर असेल. मी म्हणाले, "मोजलंय मी, काका." आणि वही त्यांच्या डोळ्यांपुढे धरली.

त्यांनी आकडा वाचला. माझ्याकडे पाहिले. तुमच्याकडे कोणी कधी इतक्या विश्वासाने पाहिले आहे का? मग ते हसले, हात मागे घेतला आणि उठत म्हणाले, "मंग हात कायले भाजून घेऊ? इंजिनेरबाईनं मोजलं म्हणजे मोजलं."

कबुली इथे संपली असती तर बरे झाले असते. संपत नाही.

मी स्वतःला सांगितले की अहवाल गेला की तो वॉल्व्ह काढून टाकू. पण मास्टर उघडल्यावर नळ्यांतली हवा काढावी लागते, आणि ते काम एकट्याने होत नाही — एकाने आत बसून पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकापाशी बसून नट सैल करायचा. म्हणजे कोणाला तरी सांगणे आले. सोमाजी मिस्त्रींनाच सांगणे आले. नऊ दिवस गाडी शेडमध्ये उभी होती. नऊ दिवस मी रोज तिच्याजवळून गेले. हिशेब करत होते की मोठे बाबा ती महिना-महिना काढत नाहीत. अज्ञान असते तर गोष्ट वेगळी होती. मी तर संभाव्यता मोजत होते.

दहाव्या दिवशी नागपुरात माझी मुलाखत होती. मी बाहेर खुर्चीवर बसले होते. मोठ्या बाबांचा फोन आला. "बेटा, सडक अर्जुनीले लग्न आहे. तुही मोठी आई म्हणते, पोरीनं ब्रेक बसवले त्याच गाडीनं जाऊ. न्यावं ना?"

न्यावे ना. दोन शब्दांचा प्रश्न होता आणि एका शब्दाचे उत्तर. 'नका' म्हटले असते तर त्यांनी 'काऊन' विचारले असते. मी म्हणाले, "न्या. फक्त फार जोरात नेऊ नका."

या शेवटच्या वाक्याने मला कधी झोपू दिलेले नाही. ते वाक्य मी उच्चारले नसते, तर निदान मी विसरले होते असे म्हणता आले असते.

मुलाखतीत एका परीक्षकांनी विचारले, पुढच्या चाकाचे तापमान इतके कमी कसे राहिले? मी म्हणाले, अडुसष्ट अंश, सर. आम्ही दोनदा मोजले. दोनदा मोजले हे खरे होते.

त्याच सुमारास कोहमाऱ्याला, चौफुलीच्या अलीकडे, पेडल तळाला गेले. मोठ्या बाबांनी हँडब्रेक ओढला. गाडी वळली आणि ढाब्यापुढे उभ्या असलेल्या ट्रकच्या मागच्या कोपऱ्यावर तिची डावी बाजू आदळली. डाव्या बाजूला मोठी आई बसली होती. मोठी आई, जिने मला नागपूरला शिकायला पाठवण्यासाठी सगळ्या घराशी भांडण केले होते. तिचे खुब्याचे हाड मोडले. दोन शस्त्रक्रिया झाल्या. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत बायकांच्या पुढे ती स्वतः बांधीतल्या चिखलात उतरायची. आता ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, खुर्ची टाकून बसते आणि दोन माणसांनी उचलल्याशिवाय उठत नाही.

दोष कोणाचा, हे ठरायला वेळ लागला नाही. पुढच्या डिस्क तापून निळ्या पडल्या होत्या. पॅड दाबून धरणारे कॅलिपर अडकले असणार, फिटिंग चुकले असणार, असे सगळे म्हणाले. मोठे बाबा गॅरेजवर गेले आणि चार माणसांत म्हणाले, "सोमा, तुह्या भरवशावर बायको बसवली होती गाडीत." माझे नाव कोणी घेतले नाही. माझे डिझाइन बरोबर होते. अहवालाची तर निवड झाली होती.

आणि आता ते, ज्यासाठी मी हे सगळे लिहिते आहे.

एका सकाळी सोमाजी मिस्त्री आमच्या अंगणात आले. आईने खुर्ची दिली, ते बसले नाहीत. त्यांना माझ्याशीच बोलायचे होते. म्हणाले, "बाई, मी हात नाई लावला. सारी जिनगी लावला, अन् त्या दिवशीच नाई लावला. माह्या कामात काई तरी रायलं असन. हात लावला असता तं समजलं असतं." मग म्हणाले, "तुह्या मोठ्या आईचं हाड माह्याच्यानं मोडलं. तुह्या मनात माह्याबद्दल काई राहू देऊ नोको."

ते माझी क्षमा मागत होते. वही आतल्या खोलीत टेबलावर होती. दहा पावलांवर.

मी म्हणाले, "काका, चूक माणसाकडूनच होते. मनाला लावून घेऊ नका."

मी त्यांना क्षमा केली. तुम्हाला समजते आहे ना मी काय सांगते आहे? आकडा पुसणे हा गुन्हा होता. फोनवर 'न्या' म्हणणे त्याहून मोठा. पण निर्दोष माणसाला उदारपणे क्षमा करणे — याला काय म्हणायचे, मला ठाऊक नाही. त्यांनी आईने दिलेले पाणी प्यायले, फुलपात्र स्वतः विसळून ओट्यावर ठेवले आणि गेले. त्यानंतर त्यांनी ब्रेकचे काम कधीच घेतले नाही. पुढे इंजिनाचीही कामे येईनाशी झाली. आता ते पंक्चर काढतात.

मी पुण्यात ब्रेकच्या चाचण्या घेते. माझ्या सहीशिवाय एकही आकडा पुढे जात नाही. कनिष्ठ सहकाऱ्यांना मी सांगते की न आवडलेले मापन हेच खरे मापन असते. ते माझे वाक्य वहीत लिहून घेतात.

गेल्या महिन्यात फुलचूरला गेले होते. या वेळी सांगायचेच म्हणून ती जुनी वही पर्समध्ये नेली. पान उजेडात तिरपे धरले की पुसलेल्या एकाचा वळ अजून दिसतो. माझ्या गाडीचा टायर बसला होता, म्हणजे निमित्तही मिळाले. त्यांनी मला ओळखले. मोठ्या आईची चौकशी केली, आधी तिचीच. मग विचारले, "पुण्यात बी गाड्याच थांबवून रायली का?" आणि हसले. चाकाचे नट आवळून झाल्यावर, उठण्याआधी, जुन्या सवयीने त्यांचा तळहात चाकाकडे गेला. वीतभर अंतरावर थांबला. त्यांनी मान वर करून विचारले, "तू मोजलं असशीन ना?"

मी म्हणाले, "हो."

वही पर्समध्येच राहिली. तीच आता समोर उघडी ठेवून हे लिहिते आहे, आणि मला माहीत आहे की हे त्यांच्या वाचनात येणार नाही.

नोंद दुरुस्त करते. वाहन — अँबेसिडर. चाचणी — फुलचूर ते गोरेगाव. जोडणी — सोमाजी मिस्त्री. जोडणीत दोष नव्हता. पुढच्या डाव्या चाकाचे तापमान एकशे एकसष्ट अंश. पुढच्या उजव्या चाकाचे एकशे अडुसष्ट.