पालकाचे वकील

मेथीचं नाव निघालं की आमच्या पालक सरांचा वरचा ओठ नाकाकडे सरकायचा. समोर कुणी मेलेला उंदीर आणून ठेवलाय असा चेहरा करून ते म्हणायचे, "मेथी? ती भाजी नाही, ती खोड आहे लोकांची." आणि मग पालकाची बाजू मांडायला उभे राहायचे. कोर्टात वकील उभा राहतो तसे, एक हात पाठीमागे घेऊन. कुणी विचारलेलं नसायचं, पण न विचारता सांगितल्याशिवाय सरांना अन्न पचत नसे.

आखाडा बाळापूरच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. मी रुजू झाले तेव्हा आमचा जिल्हा अजून परभणीच होता. पोरांनी त्यांना पालक सर हे नाव माझ्या आधीच देऊन ठेवलेलं. एकदा नवे हेडमास्तर आले, त्यांनी हे नाव ऐकलं आणि या गृहस्थांकडे पालकसभेचं काम असणार असं समजून ते खरोखरच त्यांच्याकडे सोपवलं. सरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पहिल्याच सभेत मुलांचे आई-बाप रोजगार बुडवून आले, आणि सरांनी त्यांना पालकातल्या लोहावर भाषण दिलं. मागे बसलेला एक म्हातारा उठून म्हणाला, "सर, पोरगं पास व्हईल का न्हाई तेवढं सांगा, मला गाडी हाय." सर म्हणाले, "घरी पालक करता का?" म्हाताऱ्याने टोपी चढवली आणि तो गाडी पकडायला निघाला. मला तो सभेतला सर्वात शहाणा माणूस वाटला.

शाळेतल्या शिपायाचा गुडघा दुखला, उपाय पालक. माझे केस गळायला लागले, पालक. दहावीचा निकाल घसरला, तरी पालकच. दुखणं कोणतंही न्या, सरांचं उत्तर हिरवं आणि शिजलेलं असायचं. समोरचा माणूस वाक्य पुरं करायच्या आतच ते तयार असायचं. त्यामुळे बाळापुरात कुणालाही नेमकं काय होतंय हे सरांना कधी कळलं नाही. आमच्या स्टाफरूममधले दोन-तीन होयबा मात्र माना डोलवायचे, कारण वेळापत्रक सरांच्या हातात होतं.

मी एकदा न राहवून विचारलं, "सर, मेथीत काय कमी आहे? दोन्हींची तुलना कुणी केलीय का?"

"मी केलीय," ते म्हणाले.

"कशी?"

"रंग बघा ना बाई. पालकाचं पाणी कसं गडद निघतं! मेथीचं निघतं का?"

विज्ञानाचा पदवीधर माणूस, आणि पुरावा भाजीच्या पाण्याचा रंग! बाजारात पातळ विकत घेणारी बाईसुद्धा रंग आधी धुऊन बघते. पुढे माझ्या लक्षात आलं की कॉलेजात कधीतरी वाचलेल्या एका वाक्यावर सरांची ही सगळी इमारत उभी होती. त्यानंतर त्यांनी ना ते पुस्तक पुन्हा उघडलं, ना दुसरं.

आम्ही शेजारी राहायचो. मधे कमरेइतकी भिंत. तिच्या पलीकडे सरांचे पालकाचे वाफे, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेले. त्यांच्या घरात पालकाचं वरण, पालकाचे धपाटे, पालकाची पातळ भाजी. या सगळ्यामागे राबणाऱ्या कमलवहिनी पुसेगावच्या शेतकऱ्याची लेक. हिवाळ्यात त्यांचा भाऊ पोतं भरून मेथी घेऊन यायचा, कोवळी, मुळांना अजून ओली माती. सर त्याला बसा म्हणायचे, चहा द्यायला सांगायचे, आणि तो एस.टी. स्टँडकडे वळला की भिंतीवरून पोतं माझ्याकडे ढकलायचे. "घ्या बाई. आमच्याकडे जनावर नाही."

दुपारी सर शाळेत आणि माझे तास संपलेले, अशा वेळी वहिनी माझ्याकडे यायच्या. चुलीपाशी उभ्या उभ्याच मेथी आणि भाकरी खायच्या. बसा म्हटलं तर म्हणायच्या, "न्हाई ताई, बसलं तर जेवल्यावानी व्हतंय. उभ्यानं खाल्लं तं चव बघितली म्हणता येतंय." नवऱ्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून उभ्यानं जेवणारी ही बाई, आणि तिच्या घरात स्वतःला सत्याचा ठेकेदार समजणारा नवरा. मला त्या माणसाची चीड यायची. वहिनींना यायची नाही. "मनानं वाईट न्हाईत हो," त्या म्हणायच्या. "फकस्त ऐकू येत न्हाई त्यायला." सरांचे कान ठणठणीत होते.

मग एका वर्षी वहिनी पांढऱ्या पडत चालल्या. पायऱ्या चढताना थांबायच्या, कपडे वाळत घालताना भिंतीला टेकायच्या. मी विचारलं तर हसून टाळायच्या. सरांना मात्र या दुखण्याचा आनंदच झाला असावा, कारण हे खास त्यांच्या विषयातलं होतं. "रक्त कमी आहे," त्यांनी जाहीर केलं आणि पालक दुप्पट केला. सकाळी अनशापोटी पालकाचा रस सुरू झाला. भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं, "संपव. तळाशी लोह राहतं."

आठवडी बाजारात कांद्याच्या ढिगापाशी वहिनी कोसळल्या. मी सोबत होते. कांदेवालीने पाणी मारलं, जीप मिळाली, गावातल्या डॉक्टरांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि लगेच नांदेडला न्या म्हणाले. सर शाळेतून धावत आले ते हाताला खडू तसाच. जीपमध्ये ते रुमालाने वहिनींना वारा घालत राहिले.

नांदेडच्या डॉक्टरीण बाईंनी वहिनींना विचारलं, "अंगावरून जातंय का?"

"व्हय."

"कधीपासून?"

"लई दिवस झाले. मागच्या उन्हाळ्यापासून."

"मग घरी सांगितलं नाही काहून?"

वहिनींनी सरांकडे पाहिलंही नाही. तक्रार करावी असा सूरही नव्हता. "सांगितलं ना," त्या म्हणाल्या. "ह्यांनी पालक दिला."

डॉक्टरीण बाई लिहिता लिहिता थांबल्या. माझ्या तोंडाशी वर्षानुवर्षांचा सगळा राग आला होता. एक जळजळीत वाक्यही तयार होतं. पण सरांकडे पाहिलं आणि ते गिळून टाकलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं होतं. ते भिंतीला पाठ लावून उभे होते आणि बायकोकडे असे बघत होते, जणू ही कोण बाई आहे ते त्यांना आता कळत होतं.

गर्भाच्या पिशवीत गाठी होत्या. आधी रक्त चढवलं, मग ऑपरेशन झालं. मधले दिवस वाईट गेले. एकदा तर डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन मन घट्ट करायला सांगितलं. त्या दिवशी ते वॉर्डाबाहेरच्या पायरीवर बसून मला म्हणाले, "बाई, ती मला काय काय सांगत असेल हो? मला त्यातलं काहीच आठवत नाही." वहिनी वाचल्या, एवढंच खरं. त्यात ना पालकाचा हात होता, ना मेथीचा.

त्यानंतर सर एकदम संत झाले असं सांगितलं तर ते खोटं होईल. माणूस तोच राहिला, खोचक आणि हेकट. फक्त तिरस्काराची दिशा बदलली. माझ्या आणि त्यांच्या वर्गाच्या मधे नुसता पत्रा होता. नववीत आहाराचा धडा आला तेव्हा एका मुलीने उठून घडाघडा म्हटलं, "पालकाने रक्त वाढते." तिला शाबासकी मिळायला हवी होती. पलीकडून सरांचा आवाज आला, "खाली बस. हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच, सर."

"मग त्या माणसाला अक्कल कमी असेल. पालकात लोह आहे, पण ते अंगाला सहज लागत नाही. कॅल्शियम आणि प्रथिनं मेथीत जास्त आहेत. आणि रक्त कमी झालं तर भाजी नंतर. आधी ते कुठं चाललंय ते विचारायचं. घागरीला भोक असेल तर पाणी ओतून काय उपयोग?" पुढे ते म्हणाले, "आणि विचारलं की उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवायचं."

माझा वर्ग हसला. मी हसले नाही.

ऑपरेशननंतर वहिनी घरी अंथरुणावर होत्या, तेव्हाच सरांनी स्वतः मेथी केली. निवडायची असते हे माहीत नसल्याने काड्या, मुळं, माती सगळ्यासकट. वहिनींनी घास घेतला, चावला आणि म्हणाल्या, "याच्यापेक्षा तुमचं भाषण बरं होतं." त्या नवऱ्याला टोमणा मारताना मी प्रथमच ऐकलं. सर खाली मान घालून म्हणाले, "मग कसं करायचं ते सांग." आणि त्या उशीला टेकून सांगत राहिल्या, तव्यापासून मिठापर्यंत.

पुढे सर निवृत्त झाले आणि दोघं हिंगोलीला राहायला गेले. निरोपाच्या समारंभात होयबा मंडळींनी त्यांच्या पालकप्रेमाचे गोडवे गायले. इतक्या वर्षांत त्यांनाही काहीच कळलं नव्हतं.

काही वर्षांनी माझी आई गेली, त्या आठवड्यात घरी रीघ लागली होती. येणारा प्रत्येक जण उपदेश घेऊन यायचा. वय झालं होतं, सुटल्या, मन रमवा, गीता वाचा. सरही एस.टी.ने आले. बरेच थकलेले, हातात काठी. माझ्यासमोर पाट ओढून बसले आणि विचारलं, "काय झालं होतं आईला?"

मी सांगायला लागले. पहिल्या तापापासून शेवटच्या दिवसापर्यंत. मधे रडले, तेच तेच पुन्हा सांगितलं. चहा आला, त्यांनी तो बाजूला ठेवला. दारातून कुणीतरी म्हणालं, "सर, शेवटची गाडी निघेल." मीही उठायला लागले.

"बसा बाई," सर म्हणाले. "सांगायचं राहिलं असेल अजून. मला घाई नाही."