कॉइन लाँड्रीच्या वरची एकादशी

माझ्या सासूबाईंची एकतीस वर्षांत न चुकलेली एकादशी एका रविवारी दुपारी जपानमधल्या उरायासु स्टेशनच्या मागे मोडली. मोडणारा मी.

त्या पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्या दिवशी घरात साबुदाणा नव्हता, कारण तो आणायला मी विसरलो होतो. (मीनल, म्हणजे माझी बायको, 'विसरलो' हा शब्द फार सौम्य मानते.) तेवढ्यात मला कॉइन लाँड्रीच्या वरचं इथिओपियन हॉटेल आठवलं. त्याच्या दारावरच्या जपानी पाटीचं मी एकदा फोनवर भाषांतर केलं होतं : 'उपवासाचे ताट'.

"आफ्रिकेत एकादशी करतात?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, उपवास सगळीकडे सारखाच!" मी म्हणालो. हे विधान मी कशाच्या आधारे केलं, ते अजून स्पष्ट झालेलं नाही.

वर धुपाचा धूर संथ तरंगत होता. मालकीणबाई कोपऱ्यात कॉफीचे दाणे भाजत होत्या. खाली लाँड्रीची यंत्रं घुमत होती आणि त्यामुळे जमीन अगदी हलकी थरथरत होती, नावेत बसल्यासारखी. सासूबाईंचे डोळे अर्धे मिटले.

"देवळात आल्यासारखं वाटतंय हो," त्या म्हणाल्या. मी मीनलकडे विजयी नजरेने पाहिलं.

ताट आलं. परातीएवढी जाळीदार आंबोळी आणि तिच्यावर रंगीत ढीग. आंबोळी टेफ नावाच्या, खसखशीएवढ्या दाण्याची निघाली. "म्हणजे राजगिऱ्याची बहीणच की," सासूबाईंनी निकाल दिला. आंबोळी पास! लाल ढिगाबद्दल मी "रताळं असावं" असं ठामपणे सांगितलं.

मालकीणबाई जवळ आल्या. आंबोळीच्या तुकड्यात त्यांनी तो लाल ऐवज गुंडाळला आणि सासूबाईंच्या तोंडाशी धरला. त्यांच्याकडे पाहुण्याला असा घास भरवतात. सासूबाईंनी लहान मुलासारखा 'आ' केला. मग दुसरा घास. मग तिसरा!

आमची आठ वर्षांची इरा मालकीणबाईंशी जपानीत काहीतरी बोलली आणि वळली. "आजी, ते मामे आहे."

"मामे? कुणाचे मामे?"

"चिगाऊ, तसं नाही आजी! मामे म्हणजे बीन्स! डाळ!"



"अहो, मसूर!" मीनल कुजबुजली. (कुजबुज शेजारच्या तीन टेबलांना ऐकू गेली.) "एकादशीला आईला मसूर चारलात!"

मी फोन काढला. इथिओपियात उपवास म्हणजे मांस, दूध आणि अंडी वर्ज्य. डाळ चालते. चालते कसली, धावते!

"आई, मला खरंच माहीत नव्हतं..."

"मला होतं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पहिल्याच घासाला कळलं. जन्मभर आमट्या केल्यात मी."

"मग खाल्लंत कशाला?"

त्या धुराकडे बघत राहिल्या. "मला शेवटचा घास कुणी भरवला होता, तेच आठवेना. म्हटलं, आठवलं की थांबू." आणि त्यांनी चौथ्यासाठी 'आ' केला.

मीनलने डोळे पुसले. कारण धूर असं सांगण्यात आलं.

"पण घरातली एकादशी कुणीतरी पुरी करायला हवी," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "जावईबापू, आता तुम्ही धरा."

मी ताबडतोब ताटावरून हात काढला. दोन वाजून दहा मिनिटांनी मी पूर्ण निष्ठेने उपवास धरला. दोन वाजून सोळा मिनिटांनी, त्यांच्या रिवाजाप्रमाणे, कॉफीबरोबर पॉपकॉर्न आले.