सातव्या दगडापाशी म्हाळू

दुपारचं जेवण झालंय. साडेचारला माझ्या प्लाटूनची दहा किलोमीटरची दौड आहे, तोवर जरा पडावं म्हणून मी क्वार्टरमधल्या कॉटवर आडवा होतो. कूलर घरघरतोय. डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. घरघर हळूहळू बुटांचा आवाज होते. ठप्, ठप्, ठप्. खोलीतली फरशी तांबडी होते, मातीची होते, आणि मी पळतोय.

शेजारी म्हाळू गावडे पळतोय.

म्हाळू माझ्याच सेक्शनमधला रिक्रूट, चंदगडकडचा. बावीस वर्षांपूर्वी, ट्रेनिंगच्या नवव्या आठवड्यात, याच दौडीत सातव्या किलोमीटरच्या दगडापाशी तो कोसळला. ऊन लागलं होतं. तिसऱ्या दिवशी इस्पितळात वारला. तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, आत्ताही तेवढाच आहे. मी मात्र रिक्रूटांना पळवणारा, पोट सुटलेला उस्ताद.

"आनंदा, लई जोरात काढलास," तो म्हणतो. "सुरवातीलाच येवढा पळालास तर मागनं काय उरतंय?"

हे तो तेव्हाही म्हणाला होता. सेक्शनच्या पुढे मीच होतो, वेग मीच ठरवायचा होता. शेवटचा गडी पोचेल तेव्हाच सगळ्यांचा वेळ मोजला जातो, हे मला ठाऊक होतं. पण मला पहिलं यायचं होतं.

"बोलू नको, पळ," मी म्हणतो. आत्ताही तोंडातून तेच निघतं.

रस्ता मेसमधून जातो. लांबच लांब टेबलं, वाढलेली ताटं, जेवायला कुणी नाही. मागच्या दारानं बाहेर पडतो तर म्हाळूच्या घराचं अंगण. त्याची आई नाचणी पाखडतेय. त्याची ट्रंक पोचवायला मी आलो होतो तेव्हाही पाखडतच होती. ती मान वर करत नाही.

"तू हुतास न्हवं त्याच्यासंगं?"

"होतो, आये."

सूप थांबत नाही. आम्ही अंगण ओलांडून पळत राहतो. म्हाळूच्या श्वासाला आता शिट्टी येतेय.

"आयेला खोटं का बोललास?"

"तिला बरं वाटावं म्हणून."

"तिला?"

ऊन इतकं आहे की सावल्याच पडत नाहीत. समोर सातवा दगड दिसतो. इथं मागे काहीतरी धपकन पडल्याचं मी ऐकलं होतं आणि वळून बघितलं नव्हतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

"ऐकलं हुतंस न्हवं?" म्हाळू विचारतो.

"ऐकलं होतं."

तो हसतो. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"मग आता तरी चल संगं."

मी वेग कमी करायला जातो, पाय ऐकत नाहीत. दात आवळून स्वतःला मागे ओढतो, तेव्हा कुठं माझं पाऊल त्याच्या पावलाशी जुळतं. तो आपली रायफल काढून तिचा पट्टा माझ्या डाव्या खांद्यावर अडकवतो. माझी उजव्यावर आहेच.

"जड हाय?"

"आहे."

"असू दे. दोन पावलं श्वास आत, दोन पावलं भाईर."

दगड मागे पडतो. म्हाळूची चाल अडखळते.

"हितनं पुढचा रस्ता मला ठाव न्हाई, आनंदा."

"मला आहे. चल," मी म्हणतो आणि वळून बघतो. रस्त्यावर कुणी नाही. शिट्टीसारखा श्वास मात्र कानाशी चालूच आहे, दोन आत, दोन बाहेर.

"अहो, उठा. चार वाजले."

शालन, माझी बायको, चहा घेऊन उभी आहे. मी उठून बसतो. ती कप ठेवता ठेवता थांबते.

"हे काय लागलं? झोपताना तर नव्हतं."

बनियनच्या बाजूला डाव्या खांद्यावर तिचं बोट टेकतं आणि मी कळवळतो. गळपट्टीच्या हाडापासून पार पाठीपर्यंत वळ उठलाय. दोन बोटं रुंद, कातडी सोलवटलेली, अजून गरम.