डोक्यातली मिठाची दारं

शेजारणीकडून मागून आणलेली गोळी कुणाच्या हातात दिसली, की आमचे कंपाउंडरभाऊ ती हिसकावून घेत आणि पाकिटासकट कात्रीने कापून टाकत. घोडबंदरच्या दवाखान्यात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माणूस तोंडाचा फटकळ. म्हणूनच माझं त्यांच्याशी जमलं.

आमच्या मीरा रोडच्या बिल्डिंगमध्ये गोळ्या विरजणासारख्या या घरातून त्या घरात जात. माझे मालक वारले तेव्हा समोरची म्हणाली, "आंटी, आधी गोली ले लो, टेन्शन चला जाएगा." गेलंही. मग अर्धीची एक झाली आणि ती तीन वर्षं चालली.

पुढे त्या गोळीची लाज वाटू लागली. चातुर्मासात बायका कांदा-लसूण सोडतात, वांगं सोडतात. मी आषाढी एकादशीला गोळी सोडली. देवाला सांगून, एकदम. चौथ्या दिवशी हात इतके थरथरले की कप धरवेना. घाम फुटला, भिंती अंगावर येतायत असं वाटलं. मुलाने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तपासून गोळी पुन्हा सुरू केली, हळूहळू कमी करू म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. समजावायचं काम कंपाउंडरभाऊंचं. "वहिनी, देवाला वांगं द्या. गोली न्हाय द्यायची. झटका येऊन पडला असता, तर देव उचलायला आला असता काय?"

त्यांच्या घरची मिठागरं होती, त्यामुळे ते सगळं तिथलंच उदाहरण देऊन सांगत. खाडीचं पाणी आत घ्यायला मिठागराला दारं असतात, तशीच मेंदूतल्या पेशींना बारीक दारं असतात. दार उघडलं की मिठातलाच एक अंश आत जातो आणि तापलेली पेशी शांत होते. काळजी फार दिवस राहिली की दारं नीट चालत नाहीत. गोळी ती उघडायला मदत करते. "पन रोज दुसरा उघडतोय म्हटल्यावर दारं आळशी होतात. तुम्ही एकदम गडी काढलात, मग कोण उघडनार? त्यांना जरा वेळ द्या."

मी चौथी शिकलेली. मला समजलं.

नऊ महिने लागले. डॉक्टर चिठ्ठी देत, कंपाउंडरभाऊ गोळीचे तुकडे करून पुडीत बांधत. तुकडा लहान झाला की मी कुरकुरायची, "या आठवड्यात जीव घाबरतोय." ते वर न बघता म्हणत, "थोडा घाबरनारच. जास्त झालं तर डॉक्टरला सांगायचं, शेजारनीला न्हाय." शेवटची पुडी संपली हे सांगायला गेले, तर म्हणाले, "मंग आता इथं काय काम? मागं लाइन हाय." शाबासकीचा एक शब्द नाही.

गेल्या माघात ते वारले. सकाळी पाणी भरत होते, तिथेच बसले ते उठले नाहीत. मला कळलं तेव्हा मी भाजी निवडत होते. छाती धडधडू लागली. माझा चेहरा बघून मुलगा म्हणाला, "आई, डॉक्टरांना फोन करू? आजच्यापुरती एक गोळी लिहून देतील."

"नको," मी म्हटलं. "मला रडू दे."

पुष्कळ रडले. तासाभराने छाती आपली आपण शांत झाली. मग चप्पल घालून मी त्यांच्या घरी गेले.