नगरपालिकेतला एका पायाचा मोर

माझी एकच कलाकृती आजवर जगापुढे मांडली गेली, आणि ती मी केलेली नव्हती.

हे आज छातीठोकपणे सांगते, कारण आता मला घरातून काढायचं म्हटलं तर आधी खाटेवरून उठवावं लागेल, आणि ते डॉक्टरलाही जमत नाही. पण तेव्हा मी पस्तिशीची होते, डोक्यावर सासू होती आणि अक्कल अजून वाटेतच होती.

गोष्ट सुरू होते माझ्या लग्नापासून. माहेर भरवेलीचं, वडील खाणीत कामाला. आमच्याकडे मुलगी पाहायला पाहुणे आले की तीन वस्तू दाखवायची रीत होती: मुलगी, मुलीच्या हातचे पोहे आणि मुलीच्या हातचं भरतकाम. पहिल्या दोन घरात होत्या. (पोहे आईने केले होते, पण घरचेच होते ना!) तिसरीची मात्र बोंब होती. मला सुईत दोरा ओवता येत असे, तोही चौथ्या खेपेला, आणि तेवढ्यावर कोणी पसंत करत नाही.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच मामा आला. सायकलच्या कॅरिअरला चादरीत गुंडाळलेली एक फ्रेम. चादर सोडली तर आत मोर! निळ्याहिरव्या रेशमाचा, मान वळवलेला, पिसारा असा की वाटावं आत्ता पाऊस मागेल. सगळं काही होतं, फक्त पाय एकच होता.

"मामा, याचा दुसरा पाय?"

"तुले नवरा पाह्यजे का पाय पाह्यजे?" मामा घाम पुसत ओरडला. "अर्ध्या घंट्यात पाहुने येऊन राह्यले!"

आईने कागदाच्या चिठ्ठीवर 'कु. सिंधू' असं लिहिलं आणि भाताची खळ लावून ती काचेच्या कोपऱ्यात चिकटवली. तिथे आधीच एक चिठ्ठी होती. मी विचारलं, "आई, हे खाली कोनाचं नाव हाये?" आई म्हणाली, "डोये तिकडं कर."

मी डोळे तिकडे केले.

पाहुणे आले. आत्याबाईंनी (म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात) माझ्याकडे घटकाभर पाहिलं आणि मोराकडे पोहे गार होईपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, "पोरगी लय बोलते. पन मोर साजरा हाये. पसंत हाये आमाले."

आईने देवाला हात जोडले. तेवढ्यात आत्याबाई पुढे म्हणाल्या, "आन मोर पोरीच्या संग पाठवा."

मामाने पोह्यांची बशी खाली ठेवली. कारण पुढल्या रविवारी तोच मोर दुसऱ्या गावच्या एका मुलीसाठी जायचा होता! "तो तं... म्हंजे... कसं हाये का..." मामा चाचरला.

"काहून? पोरीच्याच हातचा हाये ना?"

झालं. मोर माझ्यासोबत बालाघाटला सासरी आला. (मागाहून कळलं, त्या वर्षी भरवेलीच्या खाणीच्या क्वार्टरांत एकही लग्न जमलं नाही.)

लग्नात तांदळात अंगठीने नाव लिहून मला सिंधूची शालिनी केलं, आणि पुढली पंधरा वर्षं मी त्या मोराखाली संसार केला. आत्याबाई दर दिवाळीला विचारत, "अवं, आता एखादी राघूची जोडी भर ना." आणि मी दर दिवाळीला नवं कारण भरत असे. बाळंतपण झालंय. डोळे दुखतात. बालाघाटात पोपटी रेशीमच मिळत नाही. एका वर्षी तर मी सांगितलं, मोरानंतर राघू भरणं हा मोराचा अपमान आहे! आत्याबाई अडकित्त्याने सुपारी कातरत ऐकून घेत. पण तो कातरण्याचा आवाज आला की मी पुढल्या दिवाळीचं कारण शोधायला लागे. हा मोर माझा नाही हे ज्या दिवशी यांना कळेल, त्या दिवशी माझी पेटी अंगणात, हे मी मनाशी पक्कं धरून होते. अख्खं लग्नच तर मोरावर उभं होतं, आणि तेही एका पायावर!

आमचे हे नगरपालिकेत बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क. त्या सुमारास तिथे बाहेरून एक नवे सीएमओ साहेब, म्हणजे मुख्य अधिकारी, बदलून आले. भारी कलाप्रेमी. परिषदेच्या बैठकीत पार्षद, म्हणजे नगरसेवक, आल्या आल्या भांडायला लागतात हे पाहून त्यांनी तोड काढली: दर बैठकीला आधी शहरातल्या एखाद्या कलाकाराचं काम भिंतीवर लावायचं, कलाकाराला शाल-नारळ द्यायचा, सगळ्यांनी दहा मिनिटं शांतपणे पाहायचं आणि मगच नाल्यांचा विषय काढायचा. पहिल्या महिन्यात दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचा धबधबा लागला. दुसऱ्या महिन्यात मूर्तिकाराचे मातीचे बैल आले. तिसऱ्या महिन्यात कलाकार संपले.

हे घरी आले ते कपाळाला हात लावून. "परवा बैठक हाये आन भिंत खाली हाये. साहेब मले खाऊन टाकते आता."

आणि इथे मी तो मूर्खपणा केला. कोणी विचारलं नव्हतं, कोणी ढकललं नव्हतं. पेंटरच्या बायकोने शालीचं कौतुक चारदा सांगितलं होतं, तेवढंच निमित्त. पोळी लाटता लाटता मी म्हणून गेले, "कलाकार धुंडाले गावभर काहून फिरता? घरात मोर लटकून राह्यला ना!"

कोपऱ्यातला अडकित्ता थांबला.

"हौ," आत्याबाई म्हणाल्या. "जाऊ द्या मोराले. पंधरा वर्सं झाले, बिचारा एकाच भित्तीवर हाये. आन मलेबी घेऊन चाला."

बैठकीच्या दिवशी मी लग्नातला शालू नेसले. सभागृहात मोर अध्यक्षांच्या खुर्चीच्या वर लावला होता. मला समोर खुर्ची, बाजूला आत्याबाई, कोपऱ्यात कार्यवाहीचं रजिस्टर उघडून आमचे हे. साहेबांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, चष्मा लावून मोराजवळ गेले आणि वळून म्हणाले, "बहनजी, इसका दूसरा पैर?"

गप्प बसले असते तर! पण शाल अंगावर पडली की माणसाला कंठ फुटतो. मी उभी राहिले. "साहब, मोर नाचते नाचते अपने पैर देखता है और रोता है, ऐसा कहते हैं ना? इसलिए मैंने उसको एकच पैर दिया. आधा रोना कम!"

"वाह!" साहेबांनी टाळी वाजवली. "क्या सोच है! लिखिए बड़े बाबू, लिखिए!" यांनी लिहिलं. अभिमानाने यांचं पेन कागदातून पार गेलं.

टाळ्या वाजत होत्या, पण पार्षद गोविंदराव वाजवत नव्हते. ते खुर्चीतून अर्धे उठून मोराकडे पाहत होते, जसं कोणी चोरीला गेलेल्या बैलाकडे बाजारात पाहतं. "अध्यक्षजी," ते म्हणाले, "हा मोर तं माया बायकोचा होय!"

माझ्या हातातला नारळ निसटला आणि टेबलाखाली गडगडत गेला.

"रामपायलीले पोरगी पाहाले गेलतो, तवा हाच मोर भित्तीवर होता. असाच! एका पायाचा! तिनं स्वतः भरला म्हने!"

"काहीही बोलता का राव?" मागून नामदेवराव उठले. "हा तिरोडीचा मोर होय. माया सासऱ्याच्या घरचा! या मोरावर तं मी हो म्हनलं!"

"तुमी हो म्हनलं म्हून मोर तुमचा झाला का?"

"मग तुमचा कसा झाला?"

बंडूभाऊ नावाचे एक पार्षद होते. चाळिशी गाठलेले, अविवाहित. ते सगळ्यांत हळू उठले. त्यांचा चेहरा मी आजही विसरले नाही. "मी तीन घरी पोरी पाह्यल्या," ते म्हणाले. "तिन्ही घरी हा मोर होता. मले वाटलं, या जिल्ह्यातल्या साऱ्या पोरी लंगडाच मोर काढतेत, आपल्याले नाही पाह्यजे बा अशी! या मोराच्या पायी मी बिनलग्नाचा राह्यलो!"

सभागृह हादरलं. साहेबांना वऱ्हाडी कळत नव्हती, ते आनंदाने म्हणाले, "देखिए, कला पर कितनी चर्चा हो रही है!"

अध्यक्षांनी टेबल वाजवलं. "शांत राहा! मोरावर नाव लिहून हाये ना? ज्याचं नाव त्याचा मोर. विषय संपला." आणि फ्रेम खाली काढून टेबलावर ठेवली.

"सिंधू," त्यांनी वाचलं.

"माहेरचं नाव हाये हिचं," हे अभिमानाने म्हणाले.

"थांबा," गोविंदराव चिठ्ठीला नख लावत म्हणाले, "खाली अजून काही दिसून राह्यलं." त्यांनी अध्यक्षांच्या पिण्याच्या पाण्यात बोट बुडवलं आणि चिठ्ठीवर फिरवलं. पंधरा वर्षांची खळ भिजली. सिंधू निघाली, खाली कुसुम निघाली.

"कुसुम कोन?"

सगळे नवरे विचारात पडले. लग्नात नाव बदललेल्या बायकोचं माहेरचं नाव आठवणं म्हणजे काय चेष्टा आहे? शेवटी नामदेवराव ओरडले, "अरे, माईच बायको! तिची माय तिले कुसुम म्हनते!" आणि विजयी मुद्रेने चहूकडे पाहू लागले. तोवर गोविंदरावांचं बोट पुन्हा पाण्यात गेलं होतं. कुसुमखाली विमल निघाली. विमल म्हणजे गोविंदरावांच्या सौभाग्यवती. नामदेवराव बसले. विमलखाली निघाली मंदा.

"मंदा कोन?" बंडूभाऊंनी विचारलं.

मग सगळ्यांच्या लक्षात आलं की इतका वेळ टेबल वाजवणारे अध्यक्ष आता वाजवत नव्हते. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, त्यात गोविंदरावांचं बोट बुडून गेलंय हे विसरून सगळा प्यायले आणि म्हणाले, "नाल्यांचा विषय घ्या."

पण आता नाल्या कोणाला हव्या होत्या! सगळी परिषद फ्रेमवर वाकली. मंदाखाली एक शेवटची चिठ्ठी होती, तपकिरी पडलेली, शाई फिकुटलेली: 'कु. यमुना'. ही कोणाचीच निघाली नाही. सगळ्यांनी आपापल्या सासुरवाड्या आठवून पाहिल्या. नाही म्हणजे नाही.

साहेबांना एव्हाना कोणीतरी हिंदीत सगळं समजावलं होतं. ते माझ्याकडे पाहत होते. गोविंदराव माझ्याकडे पाहत होते. आमचे हे माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या पेनातून रजिस्टरवर शाईचा एवढा मोठा ठिपका पडला होता. "साहेब," हे म्हणाले, "कार्यवाहीत काय लिहू?"

"लिखिए," साहेब गंभीरपणे म्हणाले, "कि असली कलाकार यमुना जी हैं. आप पता लगाइए. अगले महीने उनका सम्मान होगा."

मी आत्याबाईंकडे पाहायची हिंमत केली. त्या मोराकडे पाहत होत्या. तोंडातली सुपारी थांबलेली होती.

शाल मात्र कोणी परत मागितली नाही. ती कशी मागायची, याचा नियमच नव्हता.

परतताना रिक्षात आम्ही दोघीच. मे महिन्याचं ऊन, माझ्या मांडीवर मोर, मोरावर घडी केलेली शाल. रिक्षावाला पायडल मारत होता आणि मी मनात पेटी भरत होते. साड्या किती न्यायच्या? मुलं कोणाकडे राहतील? भरवेलीला आईच्या दारात काय सांगायचं? स्टेशन गेलं, बाजार गेला. घराची गल्ली दिसायला लागली तसा माझा धीर सुटला.

"आत्याबाई," मी हुंदका देत म्हणाले, "मी फसवलं तुमाले. मोर माया नोता. मले सुईत दोराबी ओवता येत नाही. राघू म्हून तर भरला नाही कधी. तुमी मोर पाहून मले घरात घेतलं, आता काढाचं असन तर काढा, पन पोरांच्या समोर नका काढू."

आत्याबाईंनी माझ्या मांडीवरची शाल उचलली. उलगडली. त्या रखरखीत उन्हात दोन्ही खांद्यांवरून नीट पांघरून घेतली, टोकं सारखी केली. मग मोराच्या त्या एकुलत्या एका पायावर काचेवरून बोट फिरवत म्हणाल्या:

"येडे, मले पाहाले आलते ना, तवा याले दोन पाय होते."