सुटलेल्या दगडाची व्याख्या

दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावी विज्ञानाला आलेल्या मुलांसाठी भौतिकशास्त्राचा एक परिभाषाकोश तयार होत होता. संपादक सरांनी मला चाचणीसाठी दोनच नोंदी दिल्या : संपीडन आणि प्रक्षेप्य. "वर्गात वाचून दाखवू. मुलांना प्रश्नांची उत्तरं देता आली, तर यामिकीचा, म्हणजे मेकॅनिक्सचा, सगळा विभाग तुमचा." एम.एस्सी.नंतरचे, माझे म्हणता येईल असे ते पहिले काम होते. मला ते हवे होते, आणि ते मी लपवले नाही.

संपीडनाची व्याख्या मी एका ओळीत बसवली : बाह्य दाबामुळे पदार्थाच्या आकारमानात होणारी घट. बाबा उद्यमनगरात ऑइल इंजिने दुरुस्त करतात. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कागद वाचला.

"बरोबर हाय. पण तापतंय ते कुठं लिहिलंस? डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसती, बाई. हवा दाबूनच पेट घेतंय ते."

त्यांनी सायकलचा पंप माझ्या हातात दिला. तोंडावर अंगठा घट्ट धरून मी दट्ट्या भराभर दाबला. पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागले. दाब आणि तापमानाचे समीकरण मी अनेकदा सोडवले होते. पंपाला हात मात्र कधी लावला नव्हता. तो प्रयोग नोंदीत जसाच्या तसा गेला.

दुसऱ्या नोंदीबद्दल मला शंकाच नव्हती. 'बल लावून फेकलेली आणि त्या बलाने वक्र मार्गाने जाणारी वस्तू, उदा. चेंडू, बाण, रॉकेट.' बाबांनी कागद परत दिला. "हे माझ्या कामातलं न्हाय. आक्काला दाखव. शाळू राखायला बसलीया ती."

आक्का म्हणजे माझी आत्या. रविवारी हुपरीची बस धरून मी तिच्या शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, रानात पोचले. ती राखणीच्या उंच माळ्यावर उभी राहून गोफणीने पाखरे उठवत होती. मी खालून व्याख्या वाचली. तिने गोफण डोक्याभोवती फिरवली, एक दोरी सोडली. दगड शाळूवरून लांब गेला.

"आता सांग, त्याला कोण ढकलतंय?"

"तुझं बल."

"माझं? माझा हात तर रिकामा हाय की! दोरी सुटली तवाच माझं काम संपलं. फुडं त्यो दगूड आनि ती जमीन बघून घेतील. एवढी शिकलीस आनि एवढंबी न्हाय व्हय?"

मी गोफण मागून घेतली. दोरी क्षणभर उशिरा सुटली आणि दगड मागच्या बांधावर आदळला.

"बघ, पाखरं हसाय लागली," आत्या म्हणाली.

बांधावर बसून मी व्याख्या खोडली. फेकणाऱ्या हाताचे बल मी दगडासोबत आकाशात पाठवून दिले होते. नेमकी हीच चूक मुले करतात आणि नेमकी हीच मला सुधारायची होती. नवी ओळ अशी झाली : सुटल्यानंतर, हवेचा विरोध वगळता, जिच्यावर केवळ गुरुत्वाकर्षण कार्य करते ती वस्तू. रॉकेट उदाहरणांतून वगळले. इंधन जळत असेपर्यंत ते प्रक्षेप्य नव्हे. इंधन संपले की मात्र आत्याच्या दगडासारखेच.

वर्गात नोंदी वाचून झाल्यावर सरांनी विचारले, "सरळ वर फेकलेला चेंडू वर जात असताना त्याच्यावर वरच्या दिशेने बल असते का?" बरेच हात 'हो' म्हणून वर गेले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. "न्हाय सर. हात सुटला तिथंच ते संपलं. आता खाली ओढणारंच हाय." हळूहळू एकेक हात खाली आला. पंप का तापतो, या प्रश्नाला तर उत्तर देण्यासाठी भांडणेच झाली.

'हवेचा विरोध' अजून नीट समजावून द्या, असा शेरा मारून सरांनी नोंद परत केली. शेरा योग्य होता. सोबत यामिकीच्या शब्दांची संपूर्ण यादी होती.

पुढच्या रविवारी मी ती यादी घेऊन पुन्हा हुपरीच्या बसमध्ये बसले. शाळू निघायच्या आत मला एक तरी दगड सरळ सोडायचा होता.